बोलघेवड्यांचा कान

बोलघेवडे हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि विजेच्या बिलाला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्या गावानं त्यांना बोलघेवडे करून टाकलं होतं, आणि त्यांनीही ते मुकाट्यानं, खरं तर खुशीनं, पत्करलं होतं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर रेडिओ केंद्राच्या तीन खोल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात लहान, भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत बसून ते रोज दुपारच्या जेवणाआधी ‘तुमचं काय म्हणणं?’ नावाचा कार्यक्रम करायचे. त्यांनी विषय द्यायचा, लोकांनी फोन करायचा, आणि लोकांचं म्हणणं पुरं व्हायच्या आत बोलघेवड्यांनी ते तोडायचं, अशी एकूण पद्धत होती.

विषय तरी कसले? पाहुण्यानं आपणहून निघावं, की आपण घड्याळाकडे बघायचं? शेजाऱ्याच्या झाडाचं फळ आपल्या अंगणात पडलं तर ते कुणाचं? ज्या नवऱ्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत त्याला घरातला कर्ता म्हणावं का? मोज्यांच्या दिवशी तर कहर झाला. अर्ध्या गावात नवरा-बायकोची जुंपली, आणि शिवणकामाच्या दुकानातल्या बायकांनी मशिनी बंद ठेवून तो कार्यक्रम ऐकला, असं नंतर कळलं. बेकरीवाला पीठ मळता मळता रेडिओला उलट उत्तरं द्यायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कुणाशी तरी भांडण चाललंय. बस डेपोतले ड्रायव्हर गाडी सुटायची वेळ झाली तरी कँटीनमधल्या रेडिओपासून हलत नसत.

तक्रारीही तेवढ्याच यायच्या. हा माणूस दुसऱ्याला श्वास घेऊ देत नाही. ह्याला लोकांचं ऐकायचंच नसेल तर फोन घेतो कशाला? एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर कळवलं होतं की माझ्या शाळेत असता तर मी ह्याला वर्गाबाहेर उभा केला असता. बोलघेवडे ह्या तक्रारी हसत हसत कार्यक्रमात वाचून दाखवायचे, आणि त्यासुद्धा अर्ध्यावर तोडायचे. लोक चिडायचे, नावं ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिओ लावायचे. आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

असा सगळा झकास कारभार चाललेला असताना त्यांचा कान गेला.

एकदम नाही गेला. आधी बायकामुलांचं बोलणं पुसट झालं, मग पुरुषांचे शब्दही एकमेकांत मिसळायला लागले. आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. हेडफोनचा आवाज वाढवला की तोच गोंधळ मोठा होऊन कानात शिरायचा. बोलघेवड्यांनी आधी हेडफोनला दोष दिला, मग टेलिफोनच्या तारांना, आणि शेवटी हल्लीच्या लोकांना, की मेले तोंडातल्या तोंडात बोलतात. काहीच चालेना तेव्हा घरी न सांगता ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की कान थकलाय, विशेषतः बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आता येणार नाहीत, यंत्र लावा, पुष्कळ फरक पडेल. त्यांनी यंत्र घेतलं, घरी आणलं आणि कपाटात मोज्यांच्या खाली दडवून ठेवलं.

लावणार कसं? हेडफोन चढवला की यंत्र गुदगुल्या झाल्यासारखं थरथरायचं, हे एक निमित्त होतंच. खरी गोष्ट वेगळी होती. ज्याचं काम लोकांचं ऐकायचं, त्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला त्या खुर्चीवर कोण ठेवील? आणि ही खुर्ची गेली तर आपल्याला दुसरं काही येत नाही, हे बोलघेवड्यांना पक्कं माहीत होतं. एकदा त्यांनी घरी खिळा ठोकायला घेतला होता तेव्हा खिळा राहिला बाजूला आणि भिंतीचा पोपडा खाली आला होता. केंद्रप्रमुखसाहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली की आपल्या जागी कुणीतरी तरणाताठा येऊन बसणार, ह्या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना.

सगळ्यात आधी हे काचेपलीकडे बसणाऱ्या फोनताईच्या लक्षात आलं. फोन आला की तो उचलायचा, घरातला रेडिओ आधी बंद करा म्हणून बजावायचं आणि माणसाला आत बोलघेवड्यांकडे जोडून द्यायचं, हे तिचं काम. एकदा एका बाईंनी कार्यक्रमात आपुलकीनं विचारलं, की तुम्ही बरे आहात ना, आज आवाज जरा बसल्यासारखा वाटतोय. त्यावर बोलघेवडे ठासून म्हणाले, ह्यावर कडक कायदाच व्हायला हवा. फोनताईनं कपाळाला हात लावला. कार्यक्रम संपल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि ऐकू येत नाही का म्हणून मोठ्यानं विचारलं. बोलघेवडे आधी तिच्यावर उखडले, मग खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगू नकोस, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

फोनताई तशी फटकळ, पण मनानं मऊ. दुसऱ्या दिवशी तिनं कागद-पेन घेऊन बघितलं, पण काचेपलीकडून बोलघेवड्यांना ते वाचता येईना. मग तिनं भाचीची जुनी पाटी आणि खडूंचा डबा आणला. रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबून धरायचा, पाटी छातीशी घ्यायची, माणूस काय बोलतोय त्याचं सार मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि पाटी काचेला टेकवायची. तिचं सारही तिच्यासारखंच असायचं. ‘सासू. फ्रीज. भांडण.’ किंवा ‘नवरा घोरतो. खोली वेगळी हवी. लाजते आहे.’ बोलघेवडे ते वाचायचे आणि मग उत्तर द्यायचे.

आता ह्यात वेळ जायचा. माणसानं बोलायचं, ताईनं लिहायचं, ह्यांनी वाचायचं, तोवर बोलघेवड्यांना गप्प बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते समोरच्याचं म्हणणं पुरं होऊ द्यायला लागले, आणि त्यातून एक भलतीच गोष्ट झाली. लोकांना वाटायचं, हा माणूस ऐकतोय. मग ती शांतता त्यांना सोसायची नाही आणि ते आणखी दोन वाक्यं बोलायचे, आणि खरी गोष्ट नेमकी त्या दोन वाक्यांत असायची. शेजाऱ्यांच्या आवाजावर विषय होता तेव्हा एका गृहस्थानं तक्रार केली की वरच्या मजल्यावरची पोरं दिवसभर धावतात. नेहमीचे बोलघेवडे असते तर त्याला तिथंच उडवून लावला असता. पण ताईचं लिहून व्हायचं होतं. तेवढ्यात तो गृहस्थ हळूच म्हणाला, म्हणजे धावायची, मागच्या महिन्यात ते लोक घर सोडून गेले, आता मला झोप लागत नाही. त्या दिवशी डेपोच्या कँटीनमध्ये कुणी कुणाची थट्टा केली नाही म्हणतात.

मग तक्रारी थांबल्या आणि कौतुक सुरू झालं. बोलघेवडे किती बदलले, किती समजूतदार झाले. फोन एवढे वाढले की ताईला चहा प्यायला फुरसत मिळेना. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनच शब्द कळवले, प्रगती आहे. साहेबांनी येऊन पाठ थोपटली, विषयांची निवड छान होतेय म्हणाले. बोलघेवड्यांना बरं वाटायचं आणि लगेच स्वतःची लाजही वाटायची. परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरात बघून पहिला नंबर काढावा तसं त्यांना होऊन जायचं. घरी तर पाटीही नव्हती. तिथं ते प्रत्येक गोष्टीला ‘हं’ म्हणायचे, आणि ह्या ‘हं’च्या भरात त्यांनी स्वयंपाकघराला पिवळाजर्द रंग लावायला कबुली देऊन टाकली होती.

अशा रीतीनं अळीमिळी गुपचिळी चाललेली असताना एक दिवस साहेबांनी स्वतःच विषय सुचवला. घरी न सांगितलेली गोष्ट.

विषय वाचून बोलघेवड्यांनी साहेबांकडे चोरून बघितलं. साहेबांना काही संशय आला की काय? पण साहेबांचा चेहरा नेहमीसारखाच होता, चष्मा कपाळावर आणि लक्ष तिसरीकडेच. विषय नको म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं. तेव्हा त्यांनी निमूटपणे हेडफोन चढवला आणि गावाला विषय सांगितला.

सुरुवात तरी मजेत झाली. एका बाईंनी नवऱ्याची विटकी बनियनं गुपचूप फेकून देते म्हणून सांगितलं. बेकरीवाल्यानं कबूल केलं की त्याला पाव आवडत नाही, लहानपणापासून नाही, आणि हे त्याच्या वडलांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाटीवर ‘पाव आवडत नाही!!’ वाचून बोलघेवडे इतके हसले की खोकलाच आला. मग एका माणसाचा फोन लागला. आवाज खाली, शब्द मोजके. हेडफोनमधून बोलघेवड्यांपर्यंत फक्त एक संथ गुणगुण पोचत होती. त्यांनी सवयीनं काचेकडे बघितलं.

ताई लिहीत नव्हती. खडू बोटांत तसाच होता, पाटी कोरी होती आणि ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत होती. तिचा चेहरा असा मऊ झाला होता की बोलघेवड्यांना वाटलं, काहीतरी गोड प्रकरण दिसतंय. गुणगुण थांबली. पाटी कोरीच. आता आणखी किती गप्प बसायचं? बायकोला न सांगता तिच्यासाठी काही करणारा एखादा नवरा असेल, असा त्यांनी अंदाज बांधला, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जुन्या तडफेनं बोलले.

“वा, फार छान. असंच चालू ठेवा. घरच्यांना कशाला उगाच सांगत बसायचं? तुमच्यासारख्यांमुळेच तर घरं चालतात.”

पलीकडून ‘बरं’ एवढंच आलं असावं. फोन ठेवल्याचं त्यांना ताईच्या चेहऱ्यावरून समजलं. तिनं तोंडावर हात घेतला होता.

बोलघेवड्यांनी घाईनं गाणं लावलं. ताई दार ढकलून आत आली आणि पाटीबिटी काही न घेता त्यांच्या कानाशी ओरडून तिनं सांगितलं. त्या माणसाची नोकरी गेली होती. बरेच दिवस झाले होते. घरी बायकोला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तो रोज सकाळी तिनं भरलेला डबा घेऊन बाहेर पडायचा, दिवसभर बागेतल्या बाकावर बसायचा, तिथंच डबा खायचा आणि संध्याकाळी घरी जायचा. आता मला हे होत नाही, असं तो म्हणाला होता. काय करू, असं त्यानं बोलघेवड्यांना विचारलं होतं.

 आपण काय म्हणालो ते एकेक शब्दानिशी बोलघेवड्यांना आठवलं. ताई रडकुंडीला आली होती, चूक माझी, ऐकता ऐकता लिहायचंच विसरले म्हणत होती. त्यांनी तिला गप्प केलं आणि त्या नंबरावर परत फोन लावायला सांगितलं. तिनं लावला, पुन्हा लावला, पण फोन बंद होता. म्हणजे त्या माणसापर्यंत पोचायचा आता एकच रस्ता उरला होता. तो कुठेतरी, बाकावर किंवा एखाद्या दुकानासमोर, रेडिओ ऐकत असेल तर.

ताई म्हणाली, दादा, नुसतं चुकून बोललो म्हणा आणि माफी मागा, एवढं पुरे आहे. बोलघेवड्यांनी त्यावर खरोखर विचार केला. तसं म्हणणं सोपं होतं आणि खुर्चीही वाचत होती. पण त्या माणसाला काय वाटणार? एवढ्या मुश्किलीनं बोललो, ह्यानं ऐकलं, ऐकून शाबासकी दिली आणि आता लोक काय म्हणतील म्हणून शब्द फिरवतोय. मग तो पुन्हा कुणाजवळ तोंड उघडणार नाही. एवढी गोष्ट बोलघेवड्यांना स्वतःवरून कळत होती. गाणं संपत आलं होतं. त्यांनी ताईला बाहेर जाऊन बसायला सांगितलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि माइकशी वाकले.

“मघाशी ज्यांनी फोन केला होता, घरून डबा घेऊन निघतात ते, त्यांच्यासाठी बोलतोय. तुम्ही काय सांगितलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं. मला नीट ऐकू येत नाही. पुष्कळ महिने झाले. मी अंदाजानं ठोकून दिलं. असंच चालू ठेवा म्हणालो, तेव्हा मला तुमचं काहीच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर सांगतो. घरी सांगा. न सांगितल्यानं काय होतं ते आत्ता सगळ्या गावानं ऐकलं.”

एवढं बोलून ते थांबले.  काचेपलीकडे एकही दिवा लागत नव्हता. एरवी फोनचे दिवे एक विझायच्या आत दुसरा लागायचा. आज पाटीसारखंच सगळं कोरं. संपलं, त्यांच्या मनात आलं. त्यांना भीती वाटत होती आणि गंमत म्हणजे छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं. बाहेरच्या खोलीतून साहेब तरातरा येताना दिसले. कुणीतरी खालच्या टायरवाल्याकडून धावत येऊन त्यांना बातमी दिली असावी.

तेवढ्यात एक दिवा लागला. मग दुसरा. मग सगळे एकदम.

ताईनं पहिला फोन उचलला, ऐकला आणि गोंधळून बोलघेवड्यांकडे बघितलं. मग तिनं पाटीवर लिहिलं, ‘माहीत आहे म्हणतात.’ दुसरा उचलला. ‘बेकरीवाला. माहीत होतं.’ तिसरा. ‘शिवणवाल्या. सगळ्यांना माहीत.’ ती पुसत होती आणि लिहीत होती, पुसत होती आणि लिहीत होती. बोलघेवड्यांना काही उलगडेना. कसं माहीत? कुणी सांगितलं?

ते मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. ताईनं त्यांचा फोन सरळ कार्यक्रमात जोडला, आणि बाई अशा खणखणीत बोलल्या की बोलघेवड्यांना हेडफोन नुसता उचलून कानाजवळ धरला तरी निम्मंअधिक समजलं. राहिलेलं पाटीवर आलं. बाई म्हणाल्या, “उभी हयात फळ्यासमोर गेली माझी. खडूचा आवाज मी झोपेतही ओळखीन.”

खडू! ताई छातीशी पाटी धरून लिहायची आणि तिथंच, हनुवटीखाली, तिच्या रिसीव्हरचं तोंड असायचं. पाटीवरच्या खडूची ती करकर फोनमधून थेट रेडिओवर आणि रेडिओतून घराघरांत जात होती. रोज. प्रत्येक फोनला. सगळ्या गावाला ऐकू येणारा तो बारीक, वरच्या पट्टीतला आवाज अख्ख्या गावात एकाच माणसाला ऐकू येत नव्हता. ताईनं हातातल्या खडूकडे असं बघितलं, की जणू त्यानंच चहाडी केली होती.

मग काय, ज्याला त्याला सांगायची घाई झाली. सुरुवातीला लोकांना वाटलं होतं रेडिओच बिघडलाय. मग हळूहळू छडा लागला. शिवणवाल्या बायकांनी तर नियमच केला होता की फोन करायचा तर छोटी वाक्यं बोलायची, लिहिणारीचा हात दुखतो. खडू वाजतोय तोवर मशीन चालवायची, खडू थांबला की मशीन थांबवायची, कारण आता बोलघेवडे बोलणार. डेपोतले ड्रायव्हर फोन करणाऱ्याला आधी बजावायचे की ठणकावून बोल, तोंडात पान कोंबल्यासारखं बोलू नकोस. बोलघेवडे एकेक पाटी वाचत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, मग इतके दिवस कुणी बोललं का नाही?

उत्तर बेकरीवाल्यानं दिलं. “आता कसं सांगायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही आमचं शेवटपर्यंत ऐकायला लागलात. त्यात मोडता कोण घालील?”

ह्या सगळ्यात एकाच माणसाला काही पत्ता नव्हता, आणि ते म्हणजे साहेब. ह्याचं कारण ताईनं नंतर खालच्या आवाजात सांगितलं, की साहेबांनी हा कार्यक्रम कधी ऐकलाच नव्हता. ते लाल होऊन काचेशी उभे होते. मला कुणी सांगितलं का नाही, हे काय चाललंय, वर मी काय उत्तर देऊ, असं त्यांचं चाललं होतं. वाजणारा एक फोन ताईनं त्यांच्याच हातात दिला. साहेबांनी तो घेतला. दुसऱ्या बाजूला कुणी ड्रायव्हर होता. साहेब बराच वेळ ‘हो’, ‘हो’, ‘नाही, काढत नाही’, ‘अहो, नाही म्हटलं ना’ असं म्हणत राहिले. मग दुसरा फोन, मग तिसरा. फोन ठेवेपर्यंत त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला होता. ते आत आले आणि बोलघेवड्यांना टायरच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, की उद्यापासून कानाला यंत्र लावून यायचं, हेडफोनचं काय ते मी बघतो, आणि पाटी असू दे. बोलघेवड्यांच्या जिवात जीव आला. त्यांना साहेबांना मिठी मारावीशी वाटली, पण साहेबांना तसलं काही चालत नसे.

घरी गेल्यावर बायकोनं दार उघडलं. रेडिओ अजून चालूच होता. बोलघेवड्यांनी काही बोलायच्या आत ती म्हणाली, की कपाटातलं ते यंत्र मी धुळीत पडू नये म्हणून रुमालात बांधून ठेवलंय. म्हणजे तिलाही. त्यांनी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, जेवताना मी तुमच्या डाव्या हाताला बसायची ती उजव्या हाताला यायला लागले, ते काय हौसेनं? डाव्या बाजूनं बोललेल्या कशालाही तुम्ही ‘हं’ म्हणता. मग पिवळ्या रंगाचं कोणत्या बाजूनं विचारलंस, असं त्यांनी विचारलं, तर ती पाणी आणायला आत गेली. त्या दिवशी बोलघेवडे कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले. यंत्र कानात होतं, साहेबांनी कुठूनतरी एक लहानसा स्पीकर आणून टेबलावर ठेवला होता, हेडफोनची कटकट मिटली होती. शब्द बऱ्यापैकी येत होते. काही निसटले की ताई होतीच. विषय साधाच होता, छत्री विसरणारी माणसं. पण फोन करणारा प्रत्येक जण छत्रीचं दोन शब्दांत आटपून एकच विचारत होता, त्या डब्याच्या माणसाचं काय झालं? त्याचं काही कळलं का? मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं. शिवणवाल्यांनी दोनदा विचारलं.  आपण वाचलो, गावानं आपल्याला सांभाळून घेतलं, पण आपल्या एका वाक्यानं तो माणूस आजही डबा घेऊन बाकावर गेला असेल तर, हा विचार काही बोलघेवड्यांना सोडत नव्हता. ताई मधूनमधून त्याच नंबरावर फोन लावत होती आणि मान हलवत होती.

कार्यक्रम संपत आला. शेवटचं गाणं लावायचं म्हणून त्यांनी हात पुढे केला तेवढ्यात ताई खुर्चीवरून अर्धवट उठली. तिनं पाटी उचलली नाही, नुसतं त्यांच्याकडे बोट केलं आणि फोन आत जोडला.

तोच आवाज. पण आज तो माणूस एकेक शब्द सुटा करून, इतक्या मोठ्यानं बोलत होता की ताईला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला.

“काल. ऐकलं. तुमचं. घरी. सांगितलं.”

 बोलघेवड्यांची जुनी सवय उसळून आली होती, शाबास म्हणावं, काही तरी छान म्हणावं. त्यांनी ओठ मिटून घेतले. तो माणूस पुढे सांगायला लागला. बायको खूप बोलली. नोकरी गेली ह्यावर नाही. नोकरी काय, दुसरी शोधू म्हणाली. पण एवढे दिवस एकटा बागेत बसून गार जेवलास, घर चार पावलांवर होतं ना, म्हणून बोलली. मग तिला रडू आलं आणि मलाही. आज सकाळी तिनं डबा भरलाच नाही. आज घरीच गरम जेवायचंय, ती आत वाढते आहे, म्हणून जरा घाईत आहे.

एवढं बोलून तो थांबला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि कुणीतरी त्याला हाक मारली. तरी त्यानं फोन ठेवला नाही. मग आवाज आणखी चढवून त्यानं विचारलं,

“साहेब, ऐकू आलं ना?”

“आलं,” बोलघेवडे म्हणाले. “सगळं ऐकू आलं. जा, जेवा.”